तिची माहिती, त्याची माहिती

२३ नोव्हेंबर २०२० रोजी वसईच्या एका तरुणीने नालासोपाऱ्यातल्या तुळिंज पोलीस ठाण्यात अर्ज दिला. सोबत राहणारा पुरुष सहा महिने मारतोय, आज त्याने श्वास कोंडून जीव घ्यायचा प्रयत्न केला, तुकडे करून फेकून देईन असं धमकावतोय, आणि त्याच्या आईवडिलांना हे सगळं माहीत आहे, असं तिने त्यात लिहिलं होतं. महिन्याभरात तिने ‘माझी तक्रार नाही’ असा जबाब दिला आणि अर्ज निकाली निघाला. मे २०२२ मध्ये दिल्लीत तिचा खून झाला. तो उघडकीला यायला नोव्हेंबर उजाडला. जोडीदारावरचा खटला दिल्लीत उभा आहे. तिचं नाव वाचणाऱ्या प्रत्येकाला एव्हाना आठवलं असेल. मी ते लिहीत नाही, कारण मला जे म्हणायचं आहे त्यात ते नाव किती फिरलं, हाही एक भाग आहे.

अर्ज बाहेर आला तेव्हा पोलिसांनी काय करायला हवं होतं यावर खूप बोललं गेलं. तेव्हाचे गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनीही वेळेत कारवाई झाली असती तर ती वाचली असती, असं म्हटलं. चूक कोणाची हे चौकशीने ठरवावं. मला त्या कागदाच्या वाटेकडे बघायचं आहे. जेवढं जाहीर झालं त्यावरून तरी ती वाट ठाण्याच्या दारातच संपलेली दिसते. डिसेंबर २०२० मध्ये पाठ आणि मान दुखते म्हणून ती नालासोपाऱ्यातच एका रुग्णालयात दाखल झाली होती. मित्रमैत्रिणींकडे तिच्या सुजलेल्या चेहऱ्याचे फोटो होते. म्हणजे पोलिसांना एक तुकडा माहीत होता, डॉक्टरांना दुसरा, मित्रांना तिसरा, त्याच्या घरच्यांना चौथा. हे तुकडे एका टेबलावर आले असते तर नर्सिंग शिकणाऱ्या मुलीलाही धोका दिसला असता. गळा दाबणं किंवा श्वास कोंडणं ही सगळ्यात वाईट खूण मानतात. ज्या बाईचा जोडीदाराने एकदा गळा दाबला आहे, तिचा पुढे खून होण्याचा धोका सात पटींहून जास्त असतो, असं अमेरिकेतल्या २००८ च्या एका अभ्यासात दिसलं होतं.

आणि मागे घेतलेली तक्रार आपण मिटलेली तक्रार समजतो. बायकांसोबत काम करणारी कुठलीही समुपदेशक तुम्हाला याच्या उलट सांगेल. तक्रार मागे घेतली जाते ती बऱ्याचदा भीतीने, ‘मी जीव देईन’ या धमकीने, किंवा जायला दुसरी खोली नसते म्हणून. त्या दिवशी फाइल बंद करायची नसते, उघडायची असते.

आता राज्याने यातून काय शिकलं ते पाहा. १३ डिसेंबर २०२२ रोजी महिला व बालविकास विभागाने शासन निर्णय काढला आणि आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाह केलेल्या जोडप्यांची माहिती गोळा करण्यासाठी मंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. नोंदणी कार्यालयांतून तपशील घ्यायचे, मुलीचा माहेरशी संपर्क आहे का ते बघायचं, दुरावा असेल तर समेट घडवायचा. टीका झाल्यावर दोन दिवसांत ‘आंतरजातीय’ हा शब्द वगळला, बाकी समिती राहिली. ज्या प्रकरणातून हे निघालं त्यात मारणाऱ्या पुरुषाची माहिती एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेली नव्हती. त्यावरचा इलाज म्हणून सरकारने माहिती मागितली ती मुलींची. कोणी कोणाशी लग्न केलं, कुठे राहते, बापाशी बोलते का. मुलगी माहेरच्याच धाकाने पळाली असेल तर ही यादी कोणाच्या हातात पडेल, याचा विचार त्या कागदावर मला दिसला नाही.

वेगवेगळ्या संस्थांनी माहितीची देवाणघेवाण करून हिंसाचार थांबवावा, असं आजकाल सगळेच म्हणतात. मीही म्हणते. पण कोणाची माहिती, कोणाच्या परवानगीने, कोणाकडे, हे प्रश्न बाजूला ठेवून जो पाइप घातला जाईल त्यातून उद्या बाईच वाहून जाईल. माझं म्हणणं असं आहे की तिची माहिती तिच्या संमतीनेच हलावी, आणि तो किती धोकादायक आहे ही माहिती त्याच्या संमतीसाठी अडू नये. आपल्याकडे चाललंय ते बरोब्बर उलटं.

आमच्या ओळखीच्या एका बाईंबरोबर मी दीड-दोन वर्षं सरकारी दारं पाहिली. त्यांच्याकडे साडीच्या दुकानातली एक जाड प्लास्टिकची पिशवी होती. तिच्यात तीन एनसीच्या, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीच्या, पावत्या, रुग्णालयाचे केस पेपर, मनगटाचा एक्स-रे, समुपदेशनाच्या तारखेची चिठ्ठी, मुलीच्या शाळेचा बोनाफाइड दाखला. आपल्या राज्यात रुग्णालय, पोलीस, संरक्षण अधिकारी, वन स्टॉप सेंटर (हिंसा सोसलेल्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र) आणि न्यायालय यांच्यात माहितीची देवाणघेवाण करणारी जी यंत्रणा मी प्रत्यक्ष पाहिली, ती ही पिशवी. प्रत्येक टेबलावर ‘पहिल्यापासून सांगा’. प्रत्येक वेळी पहिल्यापासून सांगताना त्या थोडं कमी सांगायच्या, कारण माणूस दमतो. एका केस पेपरवर ‘बाथरूममध्ये पडून दुखापत’ असं लिहिलं होतं, कारण तपासताना सासू शेजारी उभी होती आणि तिला बाहेर थांबायला सांगावं हे कोणाला सुचलं नाही. भाड्याची खोली बदलल्यामुळे तीन एनसी दोन ठाण्यांत विभागल्या होत्या. दुसऱ्या ठाण्यासाठी तो पुरुष कायम नवीनच होता. पहिल्यांदाच हात उचललेला, समज देऊन सोडण्याजोगा. हद्द ओलांडली की त्याचा भूतकाळ पुसला जायचा आणि तिचा मात्र पिशवीतून सोबत यायचा. ती पिशवी त्याने एकदा फाडली. मग झेरॉक्स.

यात कायद्याची उणीव आहे असं म्हणणाऱ्यांना मी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा पुन्हा वाचायला सांगेन. तो लग्नाविना सोबत राहणाऱ्या बाईलाही लागू आहे, म्हणजे वसईच्या मुलीलाही होता. पोलिसाकडे अशी तक्रार आली की संरक्षण अधिकारी, निवारागृह, मोफत कायदेशीर मदत यांची माहिती तिला देणं हे त्याचं कर्तव्य आहे. संरक्षण अधिकाऱ्याने घटनेचा अहवाल, ज्याला कार्यालयात सगळे डीआयआर म्हणतात, तयार करून दंडाधिकाऱ्यांकडे द्यायचा आणि त्याच्या प्रती हद्दीतल्या पोलीस ठाण्याला व सेवा देणाऱ्या संस्थांना पाठवायच्या. नियमांत नमुना पाच आहे, तो सुरक्षा योजनेचा. तिला पुन्हा मारहाण होऊ नये म्हणून काय करायचं ते तिच्याशी बोलून लिहायचं. देवाणघेवाणीचा सांगाडा कायद्याने वीस वर्षांपूर्वी उभा करून दिला. तो चालवायला माणसं मात्र दिली नाहीत. जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमा, असं सर्वोच्च न्यायालयाला २०२५ च्या मे महिन्यात राज्यांना पुन्हा सांगावं लागलं.

जिथे माणसं दिली तिथे काम झालंय, हेही लिहायला हवं. मुंबई पोलीस आयुक्तालयात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्याच आवारात समाजकार्य शिकलेली व्यक्ती बसते, या साध्या मांडणीने दोन खात्यांमधली भिंत बोलण्याइतकी खाली आली. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि सेहत या संस्थेने ‘दिलासा’ केंद्र चालू केलं त्याला आता दोन दशकं उलटून गेली. तिथे परिचारिकांना शिकवलं गेलं ते फार मोलाचं. विष प्यायलेली बाई, चौथ्यांदा ‘पडलेली’ बाई, गरोदरपणात पोटावर मार लागलेली बाई समोर आली की तिला एकटीला विचारायचं. माहिती आधी निर्माण तर व्हायला हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितली ती जेमतेम १४ टक्क्यांनी, आणि त्यातही बहुतेकींची धाव माहेरी. सरकारी टेबलापर्यंत जी पोचते ती खूप काही ओलांडून आलेली असते. तिला परत पाठवताना हे लक्षात असावं.

कोणाची माहिती कधी हलवायची याची सगळ्यात स्वच्छ मांडणी मला ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात सापडली. मेलबर्नमध्ये आपली बरीच मराठी घरं आहेत, त्यांतल्या काहींना ही हकिगत ठाऊक असेल. फेब्रुवारी २०१४ मध्ये मेलबर्नजवळच्या टायब इथे क्रिकेटच्या सरावानंतर अकरा वर्षांच्या एका मुलाचा त्याच्या वडिलांनी मैदानातच खून केला. आधीच्या धमक्या, न्यायालयाचे आदेश, बजावायचे राहिलेले वॉरंट हे सगळं निरनिराळ्या खात्यांच्या कागदांत विखुरलेलं होतं. मुलाची आई रोझी बॅटी यांनी हा प्रश्न देशासमोर लावून धरला. राज्याने चौकशी आयोग नेमला, मार्च २०१६ मध्ये त्याचा अहवाल २२७ शिफारशींसह आला, आणि फेब्रुवारी २०१८ पासून माहिती देवाणघेवाणीची योजना कायद्याने सुरू झाली. पोलीस, न्यायालयं, बालसंरक्षण, निवारागृहं अशा ठरावीक संस्थाच तिच्यात आहेत. हिंसा करणाऱ्याबद्दलची, धोका ओळखायला लागणारी माहिती त्याच्या संमतीशिवाय देता येते. पीडित प्रौढ असेल तर तिची संमती लागते. जीव, आरोग्य किंवा सुरक्षितता यांना गंभीर धोका असेल तर अपवाद. मूल असेल तर कोणाची संमती लागत नाही, पण मुलाचं आणि आईचं म्हणणं विचारात घ्यायचं. ‘त्याची’ आणि ‘तिची’ माहिती एका मापाने मोजू नये, हे तिथे एका लेकराचा जीव गेल्यावर कायद्यात आलं.

याच्या उलटं उदाहरण इंग्लंडचं. तिथे मार खाल्लेली परदेशी बाई पोलिसांकडे गेली की पोलीस तिची माहिती व्हिसाच्या खात्याला द्यायचे. नवऱ्यांना हे पक्कं ठाऊक. ‘जा पोलिसांत, तुलाच परत पाठवतील.’ साउथॉल ब्लॅक सिस्टर्स आणि लिबर्टी या संस्थांनी याविरुद्ध रीतसर तक्रार केली आणि २०२० च्या डिसेंबरात तपासणी यंत्रणांनी अशी देवाणघेवाण थांबवा अशी शिफारस केली. ज्या बायका यात अडकत त्यांत आपल्या उपखंडातून लग्न करून गेलेल्याही होत्या. इथे माहिती फिरलीच, तत्परतेने फिरली. आणि त्या तत्परतेनेच बायकांची तोंडं बंद केली.

आपल्याकडे तोंड बंद व्हायला व्हिसा लागत नाही. तालुक्याच्या गावी ठाण्याचा हवालदार नवऱ्याचा वर्गमित्र असतो, रुग्णालयातला लिपिक भावकीतला असतो. ठाणे पोलिसांनी २०१८ मध्ये खासगी गुप्तहेरांची एक टोळी पकडली. लोकांच्या मोबाइल कॉलचे तपशील बेकायदा मिळवून विकणं हा तिचा धंदा, आणि जोडीदारावर संशय असलेले नवरा-बायको तिचे गिऱ्हाईक. अशा प्रदेशात ‘सर्व पीडित महिलांचे एकच पोर्टल’ ही कल्पना ऐकली की माझ्या अंगावर काटा येतो. निवारागृहाचा पत्ता हीसुद्धा माहितीच आहे. मुलीची बदललेली शाळा हीसुद्धा. विशेष विवाह कायद्याखाली लग्नाची नोटीस तीस दिवस फलकावर लावतात. तिचा उपयोग कोण कसा करतं हे नोंदणी कार्यालयाबाहेर तासभर उभं राहिलं तरी कळतं. आणि वसईच्या त्या मुलीचे चॅट, फोटो, वैद्यकीय कागद आठवडाभर वाहिन्यांवर फिरले. ती जिवंत असताना त्यातलं एक पानही योग्य टेबलावर गेलं नव्हतं.

म्हणून मला मोठं पोर्टल नको आहे. मला तालुक्यात दर पंधरवड्याला भरणारी, दार लावून घेतलेली बैठक हवी आहे. संरक्षण अधिकारी, ठाण्यातल्या एक महिला अधिकारी, ग्रामीण रुग्णालयातल्या एक परिचारिका, वन स्टॉप सेंटरच्या समुपदेशक, विधी सेवा प्राधिकरणाचे वकील. इंग्लंड-वेल्समध्ये अशा बैठका आता सर्रास होतात, आणि पहिली कार्डिफला २००३ मध्ये भरली होती. विषय शेकडो प्रकरणांचा नाही, सगळ्यात धोक्याच्या आठ-दहा घरांचा. गळा दाबला होता का, हत्यार आहे का, ती गरोदर आहे का, तिने नुकतंच घर सोडलंय का, तक्रार मागे घेतलीय का, तो आधी दुसऱ्या बाईशी असाच वागला होता का. प्रत्येकाने आपल्याकडचा फक्त तेवढाच तुकडा टेबलावर ठेवायचा. तिच्या गर्भपाताची नोंद, तिचे मित्र, तिची जात, तिचे उपचार तिथे येण्याचं कारण नाही. कोणी कोणती नोंद उघडली याची आपोआप नोंद व्हावी आणि नसत्या डोकावणाऱ्यावर कारवाई व्हावी.

आणि एक बारीकशी गोष्ट, जी कुठल्याच नमुन्यात मला ठळकपणे दिसली नाही. तिला फोन कधी करायचा? कोणत्या नंबरवर? दुसऱ्या कोणी उचलला तर काय सांगायचं? पुष्कळ घरांत फोन एकच असतो आणि तो संध्याकाळी त्याच्या हातात असतो. ‘आपली तक्रार क्रमांक अमुक नोंदवण्यात आली आहे’ असा एसएमएस रात्री नऊला आला की त्या घरात पुढे काय होतं, ते मी एका बाईच्या तोंडून ऐकलं आहे. सगळ्या संस्थांनी आपसात सगळ्यात आधी वाटून घ्यायची माहिती कोणती असं मला विचाराल, तर ही.

लैंगिक हिंसेच्या बाबतीत संमतीचा प्रश्न आणखी नाजूक होतो. पॉक्सो कायद्याने अठराच्या आतल्या मुलीबाबत पोलिसांना कळवणं बंधनकारक केलं. हेतू चांगला. पण त्या धास्तीने मुली रुग्णालयाची पायरीच चढेनाशा होतात, आणि गर्भपातासाठी भोंदूंकडे जातात. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने यातून वाट काढली. अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली आणि तिने आणि पालकांनी तशी विनंती केली, तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिची ओळख देण्याची गरज नाही. घटना कळवा, मुलगी उघडी पाडू नका. देवाणघेवाणीची कुठलीही नियमावली लिहिणाऱ्याने हा निकाल आधी वाचावा. दुसरीकडे २०१८ मध्ये लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय यादी सुरू झाली. पोलिसांना तपासात तिचा उपयोग आहे. पण तिच्यात दोषी ठरलेले येतात, आणि ज्याच्यामुळे एखादी बाई आज रात्री घरी जायला घाबरते तो बहुधा कुठल्याच खटल्यात दोषी ठरलेला नसतो. तिच्या घरातला असतो.

‘खोट्या तक्रारींचं काय?’ हा प्रश्न येणार, आणि तो टाळण्यासारखा नाही. खासगीपणाचा हक्क २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी मूलभूत ठरवला तो पुरुषांसाठीही. म्हणूनच मी जे मागते आहे त्यात अटक नाही, जाहीर यादी नाही, मालकाला किंवा सोसायटीला कळवणं नाही. एका ठाण्यातली एनसी दुसऱ्या ठाण्याने पाहायची, एवढंच. नोंद चुकीची ठरली तर काढायची सोय हवी, ठरावीक वर्षांनी ती आपोआप जायला हवी, आणि दोन्ही बाजूंनी तक्रारी असतील तर खरा धोका कोणाला हे प्रशिक्षित माणसाने ठरवायला हवं. ज्याने हात उचलला नाही त्याचं यात काय बिघडतं, ते मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. उलट आज हद्द बदलली की माणूस कोरा होतो. वसई ते दिल्ली तर राज्यही बदलतं. सीसीटीएनएस या पोलिसांच्या देशव्यापी संगणक जाळ्यामुळे ठाणी एकमेकांना जोडली गेली खरी, पण चौकशी करून निकाली काढलेला साधा अर्ज दुसऱ्या राज्यातल्या शिपायाला काय कामाचा, हे कोणी ठरवलेलंच नसेल तर तारा जोडून उपयोग नाही.

या सगळ्याला फार पैसा लागत नाही. पूर्णवेळ संरक्षण अधिकारी लागतो, त्याच्याकडे इतर योजनांचा बोजा नको. बैठकीला चहा लागतो. रुग्णालयात पडदा लावलेला एक कोपरा लागतो, जिथे सासू येऊ शकणार नाही. जिल्हा नियोजनाच्या बैठकीत तुमचे आमदार बसतात. त्यांना विचारा की आपल्या तालुक्यात गेल्या वर्षी किती डीआयआर झाले, किती नमुना पाच भरले, आणि मागे घेतलेल्या किती तक्रारींनंतर कोणी त्या बाईला एकटीला भेटलं. उत्तर नसेल तर तेही उत्तर आहे.

ज्यांच्याबद्दल वर लिहिलं त्या बाई आता दुसऱ्या गावात असतात. कामाला जातात, मुलगी सातवीत आहे. पिशवी जपून ठेवावी लागते, कारण खटला चालू आहे आणि प्रत्येक तारखेला कोणीतरी मूळ कागद मागतं. ती त्यांनी घरी ठेवलेली नाही. कुठे ठेवली आहे ते मला माहीत आहे. इथे लिहिणार नाही.